शिडीच्या पायथ्याशी

"धर," ढोबळे सर म्हणाले.

मी शिडीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "मला पाईप पाहिजे. पाण्याचा."

"पाईप सगळ्यांनाच पाहिजे असतो. तू पायथा धर."

"मी वर चढते की. शिडी धरायला माणूस कशाला? भिंतसुद्धा धरील."

"भिंत वरचं टोक धरते," सर म्हणाले. "खालचं टोक धरायला माणूस लागतो."

मागे उभा असलेला गजा खो खो हसला. "सर, हिला पायथ्याला ठेवू नका. चौकीत हिला जत्राच म्हणतात. कुठं ढोल वाजला की ही गेली. वरचा बसला लोंबकळत."

"तुझं नाव काय रे?"

"गजानन."

"मग गजानन, पहिल्यांदा तूच चढ."

गजाचं हसू तिथंच थांबलं. बाकीची मुलं हसली आणि मी शिडी धरली.

मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. मुलींच्या बालगृहात राहत होते. तिथल्या परिविक्षा अधिकारी निकम मॅडम आणि नगरपालिकेच्या अग्निशमन केंद्राचे ढोबळे सर यांनी मिळून त्या हिवाळ्यात आमच्यासारख्या मुलांसाठी एक उपक्रम चालू केला होता. दर शनिवारी दुपारी केंद्रावर जायचं, बंबावरची माणसं शिकवतील ते शिकायचं आणि शेवटी लोकांसमोर प्रात्यक्षिक करून दाखवायचं. आमच्यासारखी मुलं म्हणजे शाळा सुटलेली, पोलिसांच्या ओळखीची, घर असून नसल्यासारखी. गजा झोपडपट्टीतला होता. तांब्याच्या तारा सोलून विकताना सापडला होता. माझा गुन्हा एकच, मी पळायचे.

केंद्रावर पहिल्या दिवशी उतरले तेव्हा माझी नजर सवयीनं फाटकाकडे गेली. फाटक सताड उघडं होतं. परत निघेपर्यंत ते कोणी लावलं नाही. पुढच्या शनिवारी मी बंबाच्या चालकाला, इस्माईलचाचांना, विचारलं, "ह्याला कुलूप नसतं?"

"कुलूप लावलं तर बंब निघायचा कसा, बेटा? आग काय किल्ली सापडेस्तोवर थांबती?"

बालगृहाच्या दाराला दोन कुलपं होती आणि तिथून मी तीनदा पळाले होते. इथं एकही कुलूप नव्हतं. मला ती जागा विश्वासाची वाटण्याऐवजी फसवी वाटली.

मी पळायचे ती आईसाठी. माझी आई जत्रेत बांगड्या विकायची. बांगड्या, फण्या, कुंकू, काळे मणी. वडील होते तोवर आम्ही तिघं फिरायचो. ते गेल्यावर आम्ही दोघी राहिलो. रात्री पालात झोपताना आई पदराचं टोक माझ्या पायाला बांधायची. पुढे जत्रेबरोबर फिरणाऱ्या एका माणसाची नजर माझ्यावर घुटमळायला लागली, तेव्हा नुसता पदर पुरला नाही. आईनं मला बालगृहात आणून सोडलं आणि "येते गं, चैत्राच्या जत्रा झाल्या की येते," म्हणून गेली. तो चैत्र गेला, पुढचाही गेला.

कुठल्या गावाची जत्रा कधी, हे मला शाळेतल्या पाढ्यांपेक्षा पक्कं पाठ होतं. मार्गशीर्षात म्हसवडचा सिद्धनाथ, पौषात पालीचा खंडोबा आणि औंधची यमाई, चैत्रात खरसुंडी आणि आरेवाडीचा बिरोबा. जत्रेच्या आदल्या दिवशी मी बालगृहातून निघायचे. आई जत्रेत असणार, याबद्दल मला शंका नव्हती. पण एकदा मला स्टँडवर पकडलं, एकदा वाटेत एसटीतून उतरवलं आणि एकदा तर जत्रेच्या कमानीखाली. कमानीपलीकडे बांगडीवाल्यांची ओळ दिसत होती. पोलीसबाई माझा दंड धरून म्हणाली, "कुठं निघालीस, राणी?"

तिसऱ्या खेपेनंतर बालकल्याण समितीनं निर्णय दिला. पुन्हा पळाले तर माझी रवानगी विदर्भातल्या एका संस्थेत. तिथं ना आमच्या भागातल्या जत्रा, ना माझ्या आईची वाट. गेले असते तर आईला मी आणि मला आई कायमची हरवली असती, एवढं कळण्याइतकी मी मोठी होते. तरी पाय ऐकतील याची मला खात्री नव्हती.

निकम मॅडमनाही नव्हती. पहिल्या दिवशीच त्या ढोबळे सरांना बाजूला घेऊन म्हणाल्या होत्या, "अहो, तिला पायथ्याला कशाला? पळणारी मुलगी आहे ती."

"म्हणूनच," सर म्हणाले. "पायाची किंमत तिच्याइतकी कुणाला ठाऊक?"

मॅडमना ते पटलं नाही. मला राग आला, कारण मला वाटलं सर माझी थट्टा करताहेत.

पायथा धरायची त्या केंद्राची एक रीत होती. शिडीकडे तोंड करून उभं राहायचं. एक पाऊल सगळ्यांत खालच्या पायरीवर, दुसरं जमिनीत रोवल्यासारखं. दोन्ही हात बाजूच्या दांड्यांवर, आणि अंगाचा भार भिंतीकडे. वरचा माणूस खाली येऊन जमिनीवर उभा राहिला, की त्यानं पायथ्याच्या माणसाच्या खांद्यावर थाप मारून "मोकळी" म्हणायचं. पायथ्याच्यानं तोच शब्द परत म्हणायचा आणि मगच शिडी सोडायची. वरच्यानं थाप मारली नाही, तर संध्याकाळ होईतो उभं राहायचं.

"आणि मागं बघायचं नाही," सर म्हणाले. "मागं जग बुडालं तरी."

"आणि खरंच बुडालं तर?" गजानं विचारलं.

"तर तू वर आहेस ना. तू बघून सांग."

पहिल्या काही शनिवारी मी दहादा मागं पाहिलं. मोटारीचा हॉर्न वाजला, पाहिलं. फाटकातून कोणी बाई गेली, पाहिलं. सर ओरडायचे नाहीत. शिडीवरच्या मुलाला म्हणायचे, "उतर बाळा. पायथा गेलाय." तो मुलगा मुकाट्यानं उतरायचा आणि पुन्हा पहिल्यापासून चढायचा. सगळ्यांत जास्त वेळा हे गजाच्या वाट्याला आलं.

"ए जत्रा," तो घामाघूम होऊन म्हणायचा, "मी पडून मेलो ना, तर भूत होऊन तुझ्या मानगुटीवर बसेन. मग बघत बस मागं."

"भुताला वजन नसतं. बस."

"माझ्या भुताला असेल. आमच्या घरात सगळे जाडे आहेत."

हळूहळू मी मागं बघायची थांबले. का, ते तेव्हा नेमकं सांगता आलं नसतं. एवढंच आठवतं की शिडीवर माणूस चढला की दांड्यातून त्याचं वजन माझ्या तळव्यांत उतरायचं. तो घाबरला की दांडा बारीक थरथरायचा, आणि तो थरथराट मला त्याच्याआधी कळायचा. मी दांडे घट्ट धरले की तो थांबायचा. आजवर मला कोणी काही सांभाळायला दिलं नव्हतं. मलाच सगळ्यांनी सांभाळलं होतं, दोन कुलपं लावून.

एके शनिवारी सराव संपल्यावर गजानं माझ्या खांद्यावर थाप मारली, "मोकळी" म्हणाला आणि तसाच उभा राहिला.

"काय?"

"काही नाही. आज शिडी हलली नाही."

गजाकडून ऐकलेलं हे पहिलं कौतुक. मी त्याला, "तूच हलला नसशील," एवढंच म्हणाले.

प्रात्यक्षिकाची तारीख ठरली ती नेमकी पालीच्या जत्रेच्या आदल्या दिवशी. सकाळी निकम मॅडम माझी वेणी घालत होत्या. हे काम त्यांचं नव्हतं, पण त्या दिवशी त्यांनी ते मागून घेतलं.

"सगुणा, उद्या पालीची जत्रा आहे."

मी हातातली रिबीन मागं दिली.

"मला ठाऊक आहे आणि तुलाही. तिथं फाटक उघडं असतं, हेही दोघींना ठाऊक आहे. मी तुझ्यावर माणूस ठेवणार नाही. ढोबळेंनी तसं कबूल करून घेतलंय माझ्याकडून." त्यांनी रिबिनीची गाठ मारली. ती जरा जास्तच घट्ट होती. "पण तू गेलीस तर माझ्या हातात काही उरणार नाही गं."

"हो, मॅडम."

मी हो म्हणाले, पण माझं ठरलेलं होतं. कार्यक्रम संपल्यावर चहापाण्याच्या गडबडीत फाटकातून बाहेर पडायचं. केंद्रापासून स्टँड जवळ होता. एकदाच, कमानीपलीकडे जाऊन ती बांगड्यांची ओळ बघायची होती. नसेल तर नसेल. मग विदर्भ तर विदर्भ.

दुपारी मैदानात खुर्च्या मांडल्या होत्या. मुलांचे आईवडील आले होते. गजाची आजी पुढच्या रांगेत बसून शेजारणीला सांगत होती, "त्यो बघा, त्यो जाडा त्यो माजा." पाण्याच्या पाईपचं प्रात्यक्षिक झालं, टाळ्या पडल्या. मग शिडी लागली. सरावाच्या मनोऱ्याच्या दुसऱ्या मजल्याच्या खिडकीपर्यंत चढायचं, आत जायचं, आतला कापडी पुतळा दोरानं खाली सोडायचा आणि परत यायचं. गजाच्या कमरेला सुरक्षेचा दोर होता आणि दोराचं टोक वर खिडकीत उभ्या असलेल्या ढोबळे सरांच्या हातात होतं. मी पायथा धरला.

गजा चढला. पुतळा खाली आला. त्याच्या आजीनं पुतळ्यालाच, "आगं बया, लागलं का रं?" विचारलं आणि सगळे हसले. गजा खिडकीतून शिडीवर आला, चार पायऱ्या उतरला.

तेवढ्यात मागून हाक आली.

"सगे!"

एखादा आवाज कानांना कळण्याआधी पाठीला कळतो. माझी पाठ ताठ झाली. मला सगे म्हणणारं जगात एकच माणूस होतं.

"सगे! आगं सगुणे!"

फाटकाच्या बाजूनं येत होती हाक. जमिनीवरचं माझं पाऊल उचललं गेलं. मी खरंच सांगते, टाच उचलली होती. त्याच क्षणी दांडे थरथरायला लागले. बारीक थरथराट नव्हता, शिवणयंत्र चालावं तसा होता.

"जत्रा," वरून गजाचा आवाज आला. त्यात थट्टा नव्हती. "माझे पाय ऐकत नाहीत."

इतके शनिवार चढला-उतरला, तेव्हा काही झालं नाही. पण त्या दिवशी समोर आजी बसली होती, सगळं गाव बघत होतं, आणि मधल्या उंचीवर त्याच्या गुडघ्यांत कापरं भरलं.

मी टाच खाली टेकवली.

"गजा, मी आहे खाली. दांडा धर. पायरी नको, दांडा."

"धरलाय."

"आता डावा पाय."

"नाही हलत गं."

"घाई नाही. श्वास घे. मी कुठं जात नाही."

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं आणि माझं मलाच नवल वाटलं. मागून पुन्हा हाक आली नाही. ती शांतता हाकेपेक्षा वाईट होती. माझी आई फार वेळ थांबणारी बाई नव्हती. जत्रेतल्या माणसाला थांबायची सवय नसते.

गजा वरून मैदानाकडे बघत होता. त्याला फाटक दिसत होतं.

"सगुणा," तो म्हणाला. त्यानं पहिल्यांदाच मला नावानं हाक मारली. "हिरव्या लुगड्याची बाई आहे. डोक्यावर पाटी आहे. तुझी कोणी आहे का?"

"आई आहे."

वर क्षणभर सगळं थांबलं. थरथराटसुद्धा.

"ती वळली गं. जायला लागली." मग एकदम, "तू जा. मला दोर आहे. सर आहेत वर. जा तू!"

"डावा पाय, गजा."

"अगं, ती चालली!"

"डावा पाय खाली घे!"

मी ओरडले. खुर्च्यांमधली कुजबुज बंद झाली. वरून ढोबळे सरांनी दोर एक वीत सैल सोडलेला दिसला. गजाचा डावा पाय खाली आला, मग उजवा. मी पायऱ्या मोजत नव्हते. दांड्यातून उतरणारं त्याचं वजन तेवढं मला कळत होतं, आणि डोळ्यांतलं पाणी पुसायला माझा हात मोकळा नव्हता. शेवटी त्याचे पाय माझ्या हातांच्या पातळीला आले आणि जमिनीला लागले.

त्यानं माझ्या खांद्यावर थाप मारली. हात घामानं ओला होता.

"मोकळी."

"मोकळी," मी म्हणाले आणि वळले.

फाटकात कोणी नव्हतं.

मला पळता आलं असतं. पण मी तिथंच उभी राहिले, आणि मग गजानं मला कोपरानं ढोसलं. त्याचं बोट बंबाकडे होतं.

बंबाच्या पायरीवर आई बसली होती. मांडीवर पाटी आणि हातात पाण्याचा पेला. शेजारी इस्माईलचाचा दोन्ही हात कमरेवर ठेवून पहारेकऱ्यासारखे उभे होते. ते पुढं आले आणि हळूच म्हणाले, "निघालीच होती. मी बोललो, बाई, सराव चालू असताना फाटकातून जाता येत नाही, कायदा आहे."

असा काही कायदा नव्हता, हे त्यांच्याकडूनच मला पुढं कळलं.

मी आईसमोर जाऊन उभी राहिले. ती वाळली होती. पुढच्या केसांत पांढरं आलं होतं. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलली ते, "मला वाटलं, बघायचं न्हाई तुला माज्याकडं."

"शिडी धरली होती. मागं बघायचं नसतं."

"ह्या चाचानं सांगितलं. पर मला वाटलं, रागावलीस. दोनदा तशीच पळालीस न्हवं?"

"कधी?"

"म्हसवडच्या आदल्या दिशी आले हुते. दारावरचा म्हनाला, पळाली. खरसुंडीच्या आदल्या दिशी आले, म्हनाला, पळाली." आई पाटीच्या कडेवरून बोट फिरवत होती. "मला वाटलं, आई येनार म्हनून कुनीतरी सांगितलं आन् पोर रागानं निगून गेली. मी तरी कुठल्या तोंडानं थांबू? मी आल्याचं सांगू नगं म्हनाले त्याला. ह्या खेपेला म्हनाला, बंबाच्या हापिसात गेलीया."

"आदल्या दिवशी का यायचीस?"

"माल भरायला. घाऊक बांगडी हितल्याच पेठंत मिळती. जत्रंच्या आदल्या दिशी हितं उतरते, माल घेते, सांजच्या ट्रकनं जाते."

मी तिच्याशेजारी बसले. ज्या दिवशी मी तिला शोधायला निघत होते, त्याच दिवशी, त्याच गावात, ती मला शोधत माझ्या दारात उभी राहत होती. मी स्टँडकडे धावत होते तेव्हा ती कदाचित पुढच्याच गल्लीत बांगड्या वाजवून बघत असेल.

"आये, मी तुझ्याकडंच पळत होते," मी म्हणाले. "जत्रेला."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मग तिनं पाटीतून हिरव्या बांगड्यांचा जोड काढला, माझा हात हातात घेतला आणि हजारो बायकांचे हात दाबले तसा अंगठ्याखाली दाबला. बांगडी बोटांच्या पेरांवर येऊन अडकली. तिनं पुन्हा हात दाबला. बांगडी सरकेना.

"दोन-दोन मापाचा जोड आनला," ती म्हणाली. "दोन-चारचा हात झाला गं तुजा. मला कळलंच न्हाई."

गिऱ्हाइकाचा हात लांबून बघून माप सांगणारी माझी आई त्या बंबाच्या पायरीवर तोंडाला पदर लावून रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. माझ्या तळव्यांना घट्टे पडले होते आणि ते तिच्या चोळीच्या कापडाला अडकत होते.

डोळे पुसून ती एकदम उठली. "चल," म्हणाली. "चल माज्यासंगं. पालीला. म्होरचं म्होरं बघू. तू मोठी झालीस आता, भ्या कशाचं?"

फाटक उघडं होतं. माझ्यावर माणूस ठेवलेला नव्हता. निकम मॅडम खुर्च्यांपाशी उभ्या होत्या. त्यांच्या हातातला चहाचा कप तसाच होता. त्या माझ्याकडे बघत होत्या, पण पुढं आल्या नाहीत. मनोऱ्यावरून उतरलेले ढोबळे सर दोराची गुंडाळी करत होते आणि मुद्दामच वर बघत नव्हते.

दोन वर्षं मी ज्या एका शब्दासाठी पळाले, तो शब्द आई बोलली होती.

मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, फाटकाबाहेरच्या रस्त्याकडे बघत होती. तिथं अंधार पडल्यावर काय काय असतं, हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. मला सोडून जायला तिला किती बळ लागलं असेल, ते मला त्या वेळी पहिल्यांदा कळलं.

"न्हाई आये," मी म्हणाले. "दोघीही फिरत राहिलो की चुकामूक होते. तू फिर. मी एका जागी राहते. पुढं औंधची यमाई आहे. आदल्या दिवशी माल भरायला आलीस की ये."

"त्यो दारावरचा सोडंना. आईतवारी या म्हनतो."

निकम मॅडम केव्हा जवळ आल्या ते मला कळलं नाही. "वार बघू नका," त्या आईला म्हणाल्या. "तुम्ही याल त्या दिवशी दार उघडेल. माझं नाव सांगा. निकम." हातातला गार झालेला चहा त्यांनी एका घोटात संपवला.

आईनं पाटी डोक्यावर घेतली. चार पावलं गेली आणि परत आली. माझी हनुवटी धरून तिनं विचारलं, "नक्की असशील न्हवं?"

हा प्रश्न आमच्यात आजवर मी विचारत आले होते.

"असेन," मी म्हणाले.

ती फाटकातून बाहेर पडली. मी फाटकापर्यंत गेले आणि तिथं थांबले. पेठेच्या वळणापर्यंत ती तीनदा मागं वळली. प्रत्येक वेळी मी जिथं होते, तिथंच तिला दिसले.